मल्हारी मोतद्दाराचं मौन

सुपातले गहू निम्मे निवडून झाले होते आणि निम्मे राहिले होते, तेवढ्यात मागच्या दारी मल्हारी येऊन उभा राहिला. श्रावणातला सोमवार होता. श्रावणी सोमवारी सकाळची पूजा आटोपली की तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लागेपर्यंत माझं मौन असतं. गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक होतं, मल्हारीलाही होतं. पण समोरचं माणूस बोलत नाही, ही त्याच्या दृष्टीनं अडचण नव्हती.

"वैनी, दादा हायेत का?"

मी मानेनं नाही म्हटलं. हे यात्रेकरूंना घेऊन विधी सांगायला रामकुंडावर गेले होते.

"मंग तुमालाच सांगतो. तुमी बोलनार नाय, म्हंजी मधी तोडनारबी नाय."

आणि तो पायरीवर बसला.

मल्हारी हा कोंडाजी टांगेवाल्यांचा मोतद्दार. पंचवटीत आमच्या घरामागं कोंडाजींचा तबेला होता. तबेला म्हणजे पत्र्याची एक शेड. तिच्यात एक टांगा, एक घोडी आणि एका बाजेवर मल्हारी. घोडीचं नाव पाखरी. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली. कोंडाजींनी तिला सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणलं होतं. मल्हारी मात्र आपला आपणच आला. बहात्तरच्या दुष्काळात दिंडोरीकडची माणसं खडी फोडायच्या कामावर आली, त्यांत हा होता. काम संपल्यावर बाकीचे गावी परतले. हा म्हणाला, घोडीला पाणी पाजून येतो. तो मग राहिलाच. घरचं कुणी न्यायला आलं नाही आणि कोंडाजींनी जा म्हटलं नाही.

पहाटे पाखरीला खरारा करायचा, तिचा चंदीचा तोबरा बांधायचा, लगामाला तेल द्यायचं आणि टांगा निघाला की मागच्या पायरीवर उभं राहायचं, हे त्याचं काम. आमच्याकडे येणारे यात्रेकरू नाशिकरोड स्टेशनावरून कोंडाजींच्याच टांग्यातून येत. त्यांच्या वळकट्या आणि ट्रंका उतरवायला मागं माणूस लागायचा. कोंडाजी पुढं बसून लगाम धरीत आणि बोलत नसत. सगळं बोलणं मागून. स्टेशनपासून रामकुंडापर्यंत मल्हारीचं तोंड चालू असे. नाशिकची माहिती तो त्याच्या पद्धतीनं सांगायचा. त्याच्या माहितीप्रमाणे वाटेतल्या प्रत्येक वडाखाली सीतामाई कधी ना कधी विसाव्याला बसलेली होती. यात्रेकरू प्रत्येक वडाला हात जोडत यायचे आणि आमच्या ह्यांना मागाहून निस्तरावं लागायचं.

तर तो पायरीवर बसला आणि म्हणाला, "दसऱ्याला टांग्यांची स्पर्धा हाय. देवळाली कॅम्पाकडचे मेजरसाहेब नाय का, रिटायर झालेले, त्यांनी ठिवली. पळायची स्पर्धा नाय, शानपनाची स्पर्धा हाय. विटा मांडनार जोडीजोडीनं आन दोन विटांच्या मधून टांगा काढायचा. विटंवर काय तरी ठिवनार, ते पाडायचं नाय. लौकर निघंल त्याचा नंबर. विलायतेत असं करत्यात म्हनं. पुढं मालक बसनार, मागं मोतद्दार. मोतद्दारानं इकडं तिकडं कलून तोल धरायचा. पर बोलायचं नाय. त्याच्या तोंडून एक शबूद निघाला की टांगा बाद."

मी एक खडा बाजूला टाकला.

"वैनी, ह्यो नेम माझ्यावर डोळा ठिवूनच केला असंल का?"

मी खांदे उडवले. मेजरसाहेब याला ओळखतही नसावेत.

"आन मालक म्हनले, पैल्या तिनात आलो तर पाखरी ऱ्हाईल. नाय आलो तर गोटीराम बँडवाल्याला देऊन टाकायची. त्याला नवरदेवासाठी घोडी पायजेच हाय. रिक्षा आल्यात, टांग्यात आता बसतंय कोन?" तो तबेल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पाखरी गेली तर मी कुटं जाऊ? मला दुसऱ्या जनावराची सवय नाय. मानसांचीबी नाय."

रडला वगैरे नाही. पाखरीसाठी गुळाचा खडा मागितला. मी दिला.

दिवा लागल्यावर तो पुन्हा आला, कारण त्याला विचारायचं होतं की दिवसभर न बोलता माणसाचं पोट फुगत नाही का. मी म्हटलं, "फुगत नाही. पण संकल्प सोडावा लागतो. सकाळी देवासमोर पळीभर पाणी सोडायचं आणि म्हणायचं, आज दिवा लागेपर्यंत बोलणार नाही. मग घराला आग लागली तरी बोलायचं नाही."

"आगीचं कसं सांगायचं मंग?"

"हातानं. खुणा चालतात. हुंकार चालत नाही. जिभेखाली तुळशीचं पान ठेवावं म्हणजे आठवण राहते."

"आन मधीच काम झालं, गरज सरली, तर?"

"तरी दिवा लागेपर्यंत. देवाला वेळ सांगितली की ती पाळायची."

पुढच्या सोमवारी त्यानं आमच्या देवासमोर पाणी सोडलं आणि तुळशीची पानं मूठभर घेऊन गेला. एक पान चावून झालं की दुसरं. श्रावण संपेपर्यंत माझी तुळस निम्मी झाली होती, पण मल्हारी सोमवारचा गप्प राहायला लागला. गल्लीत लोक एकमेकांना विचारायला लागले की कोंडाजींकडे कुणी आजारी आहे का.

त्यातून निराळीच पंचाईत निघाली. मल्हारी गप्प बसला की पाखरी चालत नसे.

कोंडाजी लगाम हलवत, जिभेनं टक् टक् करत, हवेत चाबूक वाजवत. पाखरी कान फिरवून मागं बघायची आणि उभीच. मल्हारीनं "चल गं माझे बाय" म्हटलं की निघायची. दोन-तीनदा असं झाल्यावर कारण सगळ्यांना कळलं. इतकी वर्षं मल्हारी वाटभर बडबडत यायचा आणि मुक्काम आला की ट्रंका उतरवायला लागून गप्प व्हायचा. पाखरीनं तिच्यापुरता अर्थ लावून ठेवला होता. आवाज चालू म्हणजे चालायचं, आवाज बंद म्हणजे माणसं उतरतायत.

कोंडाजींना हे पटेना. तबेल्यासमोर उभे राहून ते म्हणाले, "मंग मी इतकी वर्सं लगाम धरतोय तो कशाला?"

त्यांच्या बायको आक्काबाई शेण भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हाताला काय तरी पायजे म्हून."

कोंडाजी दोन दिवस तबेल्याकडे फिरकले नाहीत.

त्या दोन दिवसांत मल्हारीनं दुसरी वाट काढली. टांग्याला दोनच चाकं. मागचा माणूस पुढं झुकला की दांड्यांचा भार घोडीच्या पाठीवर येतो, मागं रेलला की दांड्या वर उचलतात. हे सगळ्याच मोतद्दारांना माहीत असतं, चढ-उतारावर ते तसं करतातच. मल्हारीनं पाखरीला त्याचीच सवय लावायला घेतली. पुढं झुकायचं आणि म्हणायचं "चल". रेलायचं आणि म्हणायचं "हो". डावीकडे कलायचं, उजवीकडे कलायचं. मग "चल" हळू म्हणायचं, मग नुसते ओठ हलवायचे, मग तेही नाही. गणपती गेले, पितृपक्ष गेला. रोज संध्याकाळी तपोवनाच्या वाटेवर मल्हारी रिकाम्या टांग्यात मागं एकटाच बसलेला दिसायचा, पुढची गादी मोकळी आणि लगाम दांडीला बांधलेला. नवरात्र बसलं तोपर्यंत पाखरी त्याच्या वजनावर चालायला लागली होती.

मग सरावाला कोंडाजी गादीवर बसले आणि मल्हारी गप्प असूनही पाखरी चालली, तेव्हा ते खूश झाले. "बघितलंस का," ते आक्काबाईंना म्हणाले, "लगाम बराबर धरला की जनावर ऐकतं." मल्हारीनं त्यांना सांगितलं होतं की मी मागं फक्त तोल धरतो. ते खोटंही नव्हतं.

दसऱ्याला पहाटे पाखरीची पूजा झाली. गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर हळदकुंकू. मल्हारीनं आमच्या देवासमोर पाणी सोडलं आणि जिभेखाली पान ठेवलं. ह्यांना गावात यजमान होते, म्हणून मी आक्काबाईंबरोबर दुसऱ्या टांग्यानं गेले. देवळाली कॅम्पाच्या अलीकडे मोकळा माळ होता. एका कडुनिंबाखाली बायकांसाठी सतरंज्या अंथरल्या होत्या. गोटीराम बँडवाला बक्षीससमारंभाला वाजवायचं म्हणून त्याचा ताफा घेऊन आला होता, आणि पाखरीलाही बघायला आला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

मेजरसाहेबांनी व्यवस्था चोख ठेवली होती. विटांच्या जोड्या नागमोडी मांडलेल्या. लांबून दिसाव्यात म्हणून विटांना चुना लावलेला आणि वरच्या बाजूला गेरूचा लाल ठिपका. विलायतेत म्हणे वर चेंडू ठेवतात. तेवढे चेंडू मिळाले नाहीत, म्हणून त्यांनी लिंबं ठेवली होती.

शिट्टी झाली. पहिला टांगा नाशिकरोडच्या गोरक्षचा. तो ऐटीत आला, पहिल्या विटांपाशी त्यानं करकचून लगाम ओढला, डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि टांगा वळवून परत घेऊन गेला. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसरा जागचा हललाच नाही.

मेजरसाहेब चालत आले. "काय झालं? घोडा बुजला का?"

"घोडा कशाला बुजंल," गोरक्ष म्हणाला. "हे कुनी मांडलं?"

"मी मांडलं. लिंबं आहेत."

"ते दिसतंय, सायेब. चुना, शेंदूर, लिंबू. सनासुदीच्या दिवशी एवढे उतारे ओळीनं मांडल्यावर त्यांतून चाक घालायचं? माझा घोडा आडवा झाला म्हंजी?"

"अहो, शेंदूर नाही, गेरू आहे. खेळ आहे हा."

"खेळ तुमचा, सायेब. घोडा माझा."

दहा-बारा टांगेवाले गोळा झाले. ज्या टांग्यांना स्वतःच्याच लिंबू-मिरच्या लटकलेल्या होत्या, तेही मागं सरले होते. कुणीतरी म्हणालं, गुरुजींच्या घरातल्या वैनी आल्यात, त्यांना विचारा. मेजरसाहेब कडुनिंबाखाली आले, नमस्कार करून म्हणाले, "वहिनी, तुम्हीच यांची समजूत घाला."

मी उठून बघून आले. म्हटलं, "कुणाच्या नावानं काही म्हणून ठेवलेलं नाही, तेव्हा हा उतारा नाही. पण यांच्या मनात आलंय, आता लगाम धरलेला हात कापणारच. लिंबं काढून टाका."

"मग वर काय ठेवू?"

आक्काबाई म्हणाल्या, "कांदे ठिवा की. कांद्याला कोन भितंय."

मेजरसाहेबांच्या भटारखान्याच्या तंबूत लासलगावचा कांदा पोत्यानं होता, संध्याकाळी जेवण होतं. चातुर्मासात मी कांद्याला हात लावत नाही, म्हणून लिंबं मी गोळा केली आणि कांदे आक्काबाईंनी मांडले. लिंबं वाया कशाला घालवायची, म्हणून मी त्यांचं सरबत केलं. सगळ्या टांगेवाल्यांनी ते प्यायलं. ज्याला वाटेत लिंबू नको होतं, त्याला पेल्यात चाललं.

या सगळ्या गडबडीत मल्हारी टांग्याच्या मागच्या बैठकीवर बसून होता. लिंबांबद्दल त्याला पुष्कळ काही म्हणायचं होतं, ते त्याच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत चढलेलं दिसत होतं. मी त्याला सरबत दिलं. तुळशीचं पान एका गालात धरून त्यानं ते प्यायलं आणि पेला परत केला.

मग स्पर्धा सुरळीत झाली. गोरक्षचा एक कांदा पडला. कुणाचे तीन पडले, कुणाचं चाकच विटेवर चढलं. कोंडाजींचा नंबर शेवटून दुसरा होता.

शिट्टी झाली. मल्हारी पुढं झुकला आणि पाखरी निघाली. पहिली जोडी, दुसरी, तिसरी. कांदे जागच्या जागी. वळणावर मल्हारी एवढा कलायचा की आम्हाला वाटायचं पडलाच. लोक टाळ्या वाजवायला लागले. कोंडाजी गादीवर ताठ बसले होते. एवढं ताठ मी त्यांना त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

शेवटची जोडी राहिली. तिथं कोंडाजींना वाटलं, आता आपण काहीतरी करून दाखवावं. त्यांनी लगाम उजवीकडे ओढला. मल्हारी त्याच क्षणी डावीकडे कलला होता, कारण वाट डावीकडे होती. पाखरीला एकदम दोन हुकूम आले. ती उभी राहिली.

कोंडाजींनी लगाम हलवला. जिभेनं टक् टक् केलं. पाखरी कान मागं करून उभीच. मल्हारी पुढं झुकला, तर लगाम खेचलेला. जाऊ का नको, हे तिला कळेना.

"अरे बोल की!" कोंडाजी मागं वळून ओरडले. मल्हारीनं तोंडावर बोट ठेवलं आणि मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ओठ मिटलेले. एक शब्द काढला असता तर घोडी चालली असती आणि टांगा बाद झाला असता. वेळ चालला होता. शिट्टीवाला हातातल्या घड्याळाकडे बघत होता.

"चाबूक मारा!" गोरक्ष ओरडला.

"तुझ्या बापाच्या घोडीला मार!" आक्काबाई जागेवरून ओरडल्या.

कोंडाजींनी चाबूक उचलला नाही. त्यांनी पाखरीच्या मानेकडे बघितलं. मग त्यांनी लगाम ढिला सोडला, गादीच्या कठड्यावर ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. जमलेल्या सगळ्या टांगेवाल्यांसमोर. मागं मल्हारी डावीकडे कलला, मग पुढं झुकला. पाखरी शेवटच्या दोन विटांच्या मधून संथ निघाली. एकही कांदा पडला नाही.

पण वेळ गेला होता. नंबर चौथा आला.

बक्षिसं वाटून झाल्यावर गोटीराम आला. त्याच्या अंगात बँडचा लाल कोट होता. "घोडी पसंत आहे," तो म्हणाला. "गर्दीत बुजत नाही. शब्द दिलाय तुम्ही, कोंडाजी."

"दिलाय," कोंडाजी म्हणाले. "घेऊन जा. पर मोतद्दारासकट."

"मोतद्दार नको. माझ्याकडे दोन आहेत."

"मंग घोडी नाय." कोंडाजींनी डोक्यावरची टोपी काढून झटकली. "खरं सांगतो, गोटीराम. हिला मी कधी हाकलीच नाय. हाच हाकत होता. मी नुस्ता पुढं बसायचो. आज सगळ्यांनी बघितलं, मग तुझ्यापास्नं काय लपवू."

आक्काबाईंनी नवऱ्याच्या हातातली टोपी घेतली आणि पदरानं पुसली.

गोटीराम मल्हारीकडे वळला. "काय रे, वरातीचं काम केलंयस का?"

मल्हारीनं मानेनं नाही म्हटलं.

"पितोस?"

मल्हारीनं कानाच्या पाळीला हात लावला.

"तोंड नाही का तुला?"

मल्हारी त्याच्याकडे नुसता बघत राहिला. दिवा लागायला अवकाश होता.

"बोलत नाही का हा?" गोटीरामनं कोंडाजींना विचारलं.

"सकाळपास्नं एक शबूद बोलला नाय," कोंडाजी म्हणाले. आजच्या दिवसापुरतं ते खरं होतं.

गोटीराम विचारात पडला. "माझे दोघं वरातीत पितात आणि नवरदेवाच्या मामाशी भांडण काढतात. मागच्या लग्नसराईत दोन ठिकाणी वरात पोलीस चौकीवर गेली." त्यानं मल्हारीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असा मुका माणूस मिळत नाही. ठीक आहे. घोडी आणि हा, दोघं."

मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिथंच नारळ फुटला आणि सौदा झाला. आक्काबाईंनी खोबऱ्याचा पहिला तुकडा पाखरीला दिला.

आम्ही घरी आलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. मल्हारी मागच्या दारात येऊन उभा राहिला. मी देवापाशी दिवा लावला. त्यानं जिभेखालचं पान काढून तुळशीच्या मुळाशी ठेवलं, तबेल्याकडे गेला, आणि आतून पहिला आवाज आला, "काय गं भवाने, मी डावीकडं कललो ते तुला कळलं नाय?" मग तो जेवणाचं ताट येईपर्यंत थांबला नाही.

दिवाळीनंतर पाखरी आणि मल्हारी गोटीरामच्या बँडखोलीमागच्या गाळ्यात राहायला गेले. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू झाल्या. वरातीत मल्हारी लगाम धरून पाखरीच्या खांद्याला खांदा लावून चालतो आणि सतत बोलतो. ट्रंपेट आणि ढोलाच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नाही. गोटीरामला पहिली लग्नसराई संपेपर्यंत पत्ता लागला नाही. पावसाळ्यात वाजवायचं काम बंद झालं आणि बँडखोलीत शांतता झाली, तेव्हा लागला. तो तडक कोंडाजींकडे आला, "हाच का तो माणूस?" कोंडाजी म्हणाले, "हाच. घोडी बदलून पायजे का?" तोपर्यंत पाखरी दुसऱ्या कुणाच्या हातची चंदी खात नाही, हे गोटीरामला कळलं होतं. तो चहा पिऊन परत गेला.

त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. मधे सिंहस्थ झाला. कोंडाजींचा टांगा मोडीत निघाला आणि तबेल्यात आता त्यांच्या जावयाची रिक्षा उभी असते. ते एकादशीला गोटीरामकडे जातात, पाखरीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ देतात आणि परत येतात. मल्हारीनं लग्न केलं नाही. तो म्हणतो, एवढ्या नवरदेवांना घोडीवर चढताना पाह्यलं, तेवढं बास.

आज सकाळी तो गूळ मागायला आला होता. मी म्हटलं, "बस, चहा ठेवते." तो नको म्हणाला. उद्या दिंडोरीला वरात आहे आणि पाखरीच्या मागच्या उजव्या पायाचा नाल हलतोय. तो तिला घेऊन भद्रकालीत नालबंदाकडे गेला.